रंग सोडून सगळं

"हाही आवाज नाही," ताई म्हणाली आणि मिस्त्रीला दाराचं लॉक तिसऱ्यांदा काढायला लावलं.

मिस्त्रीने पाना आपटला. "दार उघडतंय, लागतंय. आता त्याने काय गाणं म्हणायचं?"

"गाणं नको. एकाच ठोक्यात, जड आवाजात लागलं पाहिजे. पूर्वी लागायचं तसं."

ताई म्हणजे पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणारी बाई. तिच्या वडिलांनी एका मालकाच्या पदरी तीस वर्षं ही मोटार चालवली होती. मालक गेले, मुलांनी गाडी फुंकून टाकली. ताईने दोन वर्षं भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले आणि नंबरसकट तीच गाडी हुडकून काढली. मिस्त्रीच्या गॅरेजात ती आली तेव्हा ढकलत आली होती.

पैसे मोजकेच होते. ताईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "इंजिन, ब्रेक, दारं, हॉर्न आणि सीट. रंग नको."

"रंग नको कसा? एक दार निळं, दुसरं तांबेरलेलं, टपावर पोपडे. लोक म्हणतील मिस्त्रीने गोधडी शिवली."

"गोधड्या मी शिवते. तुम्ही लॉक बघा."

बाई जिभेची तिखट, पण कामाला वाघीण. दिवसभर मशीन मारून संध्याकाळी गॅरेजात यायची. सीटचं जुनंच कातडं तिने उसवलं, तेल लावून मऊ केलं आणि जुन्याच भोकांतून पुन्हा शिवलं. स्टिअरिंगला भेगा होत्या. मिस्त्री त्यावर कव्हर चढवायला निघाला, तर तिने हात धरला.

"भेगा राहू द्या. आणि आत पेट्रोलने पुसू नका, वास राहतो."

डाव्या मडगार्डावर मुठीएवढा पोचा होता. तोही तिने ठोकू दिला नाही. बिचारी चार पैसे वाचवतेय, असं मिस्त्रीला वाटलं आणि त्याने हातोडी खाली ठेवली.

बुधवारी पाचवं लॉक बसलं. ताईने दार लावलं. ठप्प असा भरीव आवाज आला. ती दोन क्षण दाराला हात लावून उभी राहिली.

"हाच," ती म्हणाली. "आता मी रविवारीच येते. शिवायला कपडे साठलेत. रविवारी गाडी बघायला येणार आहेत."

"किती जण?"

"एकच. पण फार कडक. बारीकशी खोटसुद्धा त्यांच्यापुढे लपायची नाही. त्यांना पटली नाही, तर माझी दोन वर्षं पाण्यात गेली समजा."

मिस्त्री काय ते समजला. गिऱ्हाईक.

रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक आधी रंग बघतं. मीसुद्धा तुम्हाला शर्टाच्या रंगावरून नापासच करणार होते."

"मग केलं का नाहीस?"

"आईने समजूत घातली. पण त्या गाडीची बाजू घ्यायला कोण आहे?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून अर्धवट गाडी बाहेर पडली नव्हती. आणि ही तर एका लेकीने बापाच्या आठवणीसाठी उभी केलेली गाडी. त्या कडक माणसाने दारातूनच नाक मुरडलं, तर?

गुरुवारी सकाळी त्याने शेजारच्या रंगाऱ्याला गाठलं.

"पैसे कोण देणार?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुझ्या टेम्पोचा क्लच मी कशावर बदलला होता? आशीर्वादावर? चल, उचल पंप."

दाराच्या अस्तरामागे मूळ रंगाची पट्टी सापडली. गडद जांभळट लाल. मिस्त्रीने मडगार्डाचा पोचा आतून हलक्या हाताने ठोकून काढला, वर लांबी भरून खळगा सपाट केला आणि काचकागद घासून घासून बोटं सोलवटून घेतली. शुक्रवारी रंगाचे दोन हात मारले, शनिवारी तिसरा. संध्याकाळी गाडीत पाहून भांग पाडता आला असता. रंगारी म्हणाला, "ही माझ्या लग्नात असती, तर सासऱ्याने पाय धुतले असते."

रविवारी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आला. गाडी त्याने बाहेर रस्त्याच्या कडेला काढली. येणारे-जाणारे थबकत होते. असा ताठ तो कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता.

ताई कोपऱ्यावरून वळली. सोबत एक म्हातारा होता. ड्रायव्हरचा पांढरा गणवेश, कडक इस्त्री, पितळी बटणं. गणवेश अंगावर सैल झाला होता. त्याचा हात ताईच्या खांद्यावर होता.

म्हणजे बाप आहे तर! गिऱ्हाईकबिऱ्हाईक काही नाही. मिस्त्रीचं काळीज सुपाएवढं झालं.

"घ्या ताई! एक पैसा द्यायचा नाही. घरचं काम समजा!"

ताई जागच्या जागी थांबली. मिस्त्रीला वाटलं, आनंदाने.

"थांबलीस का?" म्हाताऱ्याने विचारलं. "आली का गाडी?"

तो मिस्त्रीकडे बघत नव्हता. गाडीकडेही नाही. गाडीवरून पलीकडे, भिंतीच्या कुठल्या तरी विटेकडे त्याची नजर लागली होती, आणि ती हलत नव्हती. पायाने त्याने फुटपाथची कड चाचपली. खांद्यावरचा हात काढून पुढे केला. तो डाव्या मडगार्डाला लागला. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा तिथूनच फिरला. मग म्हातारा किंचित वाकला आणि त्याने वास घेतला.

त्याने चटकन हात मागे घेतला. जिथे बोटं लागली होती, ती जागा अदबीने बाहीने पुसली.

"बाजूला हो, पोरी," तो हळूच म्हणाला. "कुणाची तरी नवीकोरी गाडी आहे. मालक बघतील. आपली कुठे उभी केलीस?"