आईच्या वाटणीच्या गोळ्या

"अगं, बस की जरा," आई म्हणाली. "तुझ्या चकरांनी मलाच गरगरायला लागलंय."

मुनी बसली. तिच्याआधीचा पेशंट आत जाऊन बराच वेळ झाला होता आणि डॉक्टरबाईंचं दार काही उघडत नव्हतं.

मुनी हे घरातलं नाव. लहानपणापासून बोलणं बेताचं, म्हणून चिकटलेलं. मुलगा म्हणून वाढलेल्या मुनीनं "मी मुलगी आहे" असं सांगितलं तेव्हा घरात बरंच काही हललं, पण हे नाव होतं तसं चाललं.

आज रक्ताचा रिपोर्ट कळणार होता. सगळं ठीक असेल, तर हार्मोन आजच सुरू होणार होते. ठीक नसणार, याची मुनीला पक्की खात्री होती.

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं होतं, स्वतःच्या मनानं आधी काही घेतलंय का? घेतलं असेल तर आत्ताच सांगा, रक्तात दिसतंच. खोटं बोलणाऱ्याला मी औषध देत नाही, त्यानं दुसरा डॉक्टर शोधावा. असा दुसरा डॉक्टर गावात नव्हता, आसपासही नव्हता.

मुनीनं तोंड उघडायच्या आत शेजारून आईच छातीठोकपणे म्हणाली, "हिनं काही घेतलेलं नाही."

'हिनं.' आईच्या तोंडून हा शब्द मुनी पहिल्यांदा ऐकत होती. त्यानंतर खरं सांगायची तिची हिंमतच झाली नाही.

खरं असं होतं, की पाळी जायच्या वयात आईच्या अंगाची लाही लाही व्हायची आणि त्यावर तिला गोळ्या मिळाल्या होत्या. बाईच्या शरीरात जे हार्मोन कमी पडू लागतं, ते भरून काढणाऱ्या. मुनीला हवं होतं नेमकं तेच, आणि ते स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे, बिनलेबलाच्या साध्या बाटलीत ठेवलेलं होतं. आई कामावरून परतायच्या आत ती रोज एक गोळी उचलू लागली.

सुरुवातीलाच एकदा जीव खालीवर झाला. आईनं बाटली उजेडात धरून हलवून पाहिली. मग ती परत बरणीमागे ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच एक नवीन बाटली घेऊन आली आणि दुकानदाराच्या नावानं बोटं मोडू लागली. त्यानं म्हणे परस्पर कंपनी बदलून दिली. गोळी केवढी मोठी, घशाखाली उतरायची नाही. मुनीनं सुटकेचा निःश्वास टाकला. तिच्या घशाखाली मोठी गोळी सुरळीत उतरत होती.

आणि गुणही येत होता. गाल मऊ लागत होते, रडू चटकन येत होतं. नखांचं तर विचारूच नका. चष्म्याच्या दुकानात दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवून तिची नखं कायम तुटलेली असायची, ती आता तुटेनात. एकदा जेवताना तिनं न राहवून आईसमोर हात पसरला. "खरंच की," आई म्हणाली, आणि तिला आणखी वाढलं.

आईचं मात्र उलटं झालं. तिचा त्रास परत सुरू झाला होता. ऐन थंडीत ती वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची. या औषधाचा गुण येईनासा झालाय, एवढंच म्हणायची आणि जेवण झालं की मुनीसमोर नेमानं एक गोळी गिळायची. बाटली वेळेआधीच संपायची, तरी तिनं कधी चौकशी केली नाही. आपण आईच्या तोंडचं औषध काढून खातोय, या विचारानं मुनीला लाज वाटायची. लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी हात बरणीमागे जायचाच. पुढे धीर करून तिनं आईला बाकी सगळं सांगितलं, गोळ्यांचं तेवढं पोटातच ठेवलं.

त्यात मागच्या खेपेला आत्याचा विषय निघाला. आत्या तरुणपणी छातीत कळ येऊन गेली, एवढंच मुनीला ठाऊक होतं. आईनं डॉक्टरबाईंना सांगितलं, की पायातली रक्ताची गाठ वर सरकली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग मुनीनं हार्मोनच्या गोळ्या घेणं म्हणजे जिवाशी खेळ. मुनी घेतलेल्या गोळ्या मनात मोजू लागली. तशीच तिला रक्त द्यायला नेलं होतं.

दार उघडलं. दोघी आत गेल्या.

डॉक्टरबाई रिपोर्ट वाचत होत्या. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सैल झाली होती, हे मुनीला अशाही वेळी दिसलं.

"खरं सांगू? तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक जण बोलतात."

मुनीनं खुर्चीची कड घट्ट धरली. आता आईसमोरच सगळं उघडं पडणार होतं.

"पण रक्त अगदी स्वच्छ आहे. बाहेरच्या हार्मोनचा मागमूस नाही."

"मागमूसही नाही?" मुनीच्या तोंडून निसटलं.

"नाही. तुम्ही आजवर काहीच घेतलेलं नाही. फार बरं केलंत." डॉक्टरबाई उठल्या. आत्यामुळे गोळीचा प्रश्नच नव्हता. कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी, जिच्यात गाठीची भीती कमी, ती देणार होत्या, पहिली इथेच लावू म्हणाल्या आणि ती आणायला आतल्या खोलीत गेल्या.

मुनीनं सावकाश आईकडे पाहिलं. आईचं कपाळ घामानं डबडबलं होतं. ती हातातल्या फायलीनं वारा घेत होती.

"आई, त्या बाटलीतल्या गोळ्या..."

"बाहेर पडलो की आधी माझ्या खऱ्या गोळ्या घेऊ," आई म्हणाली. "इतके महिने घरात आणायची सोय नव्हती, उकडून जीव चाललाय माझा."

मग तिनं फाईल खाली ठेवली, मुनीचा हात हातात घेतला आणि नखांवरून अंगठा फिरवला.

"नखं मात्र सुधारली हं तुझी. कॅल्शियमनं सुधारतात."