फाशांचा कौल

"काय पडलं, बद्रीनाथ?" आप्पासाहेबांनी विचारलं.

बद्रीनाथ फाशांकडं बघतच राहिला. पटावर दुर्री आणि एक्का पडला होता. पटाबाहेर काढायच्या त्याच्या चार सोंगट्या उरल्या होत्या, आप्पासाहेबांची एकच. दोन्ही फाशांवर सारखी मोठी जोड पडली असती तर चारही एका दमात उठून तो जिंकला असता. आता सगळं संपलं होतं.

आप्पासाहेबांची लेक आशा हैदराबादला नर्सिंग शिकायला जाणार म्हणून हटून बसली होती. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली, निजामी गेली, पण पोरींवरची निजामी घराघरात शाबूत होती. कन्नड गावची भावकी उस्मानपुऱ्यातल्या घरी येऊन बसली आणि आप्पासाहेबांकडून "पाठवणार नाय" असा शब्द घेऊनच उठली. तेव्हापासून आशा धड जेवली नव्हती. तिला खांद्यावर खेळवलेल्या बद्रीनाथला ते बघवेना. तो मित्राची मनधरणी करायला आला, तर आप्पासाहेबांनी देव्हाऱ्यापुढं नर्दचा, म्हणजे दोन फाशांच्या सोंगट्यांचा, पट मांडायला लावला.

"तू जिंकलास तर पोरगी जाईल."

"त्यापेक्षा बुद्धिबळ मांडा की. तुमचा आवडता खेळ."

"बुद्धिबळात हरलो तर अक्कल माझी गेली. फाशांत हरलो तर कौल देवाचा. कौलापुढं भावकी तोंड उघडत नाय. आन् जिंदगी तरी कुठं नुसत्या अकलेवर चालती?"

काचबिंदूनं नजर गेल्यापासून आप्पासाहेब सोंगट्या चाचपून हलवत. फासे बद्रीनाथ वाचून सांगे. इतक्या दिवसांत त्यानं एक ठिपका खोटा सांगितला नव्हता.

आत्ताही आप्पासाहेबांचा हात फासे उचलायला पुढं आला होता आणि फाशांवरच थांबला होता. आतल्या दारात आशा उभी होती.

"दोन्ही छक्के," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं चारही सोंगट्या उचलल्या.

आप्पासाहेबांनी फासे मुठीत घेतले. "हरलो. आशे, पेटी भर."

पोरगी रडत रडतच आत पळाली. बद्रीनाथ उंबऱ्यापर्यंत गेला, पण पाय पुढं पडेना. देवासमोर आंधळ्या मित्राचा विश्वासघात! तो परतला आणि त्यानं आप्पासाहेबांचे पाय धरले.

"आप्पासाहेब, मी पापी आहे. ते छक्के नव्हते..."

"दुर्री-एक्का व्हता," मुठीतल्या फाशांच्या कोरीव ठिपक्यांवरून बोट फिरवत आप्पासाहेब हळूच म्हणाले. "छक्के बोलायला लई वेळ लावलास रे. मला वाटलं, पोरगी आता घरातच राहती."