सावध केलेल्यांची यादी

मी तुरुंगात कैद्यांवर मानसोपचार करते. हौशीरामच्या पॅरोलसाठी उद्या माझा अहवाल जायचा होता. वर्षभर त्याचं एकच पालुपद: "ताई, उसाभोवतीच्या तारेत करंट बिबट्यासाठी सोडला व्हता. धाकटा भाऊ चुकून चिकटला, गेला." मीही बिबट्यांच्या जुन्नरकडचीच, मला ते पटलंही होतं. आज मी कोरा कागद पुढं सरकवला. "करंट सोडल्यावर कुणाकुणाला सावध केलंत, लिहा." त्यानं सावकाश लिहिलं. आई. बायको. दूधवाला. टेम्पोवाला. शेवटी, ‘कुत्रं बांधलं.’ मी यादी वाचून दाखवली. "भाऊ यात नाही. विसरलात?" "तो रोज पहाटं पाण्याची मोटार चालू कराया त्याच वाटंनं जायचा," तो म्हणाला. जेवणाची घंटा झाली, तो हलला नाही. "विसरलो न्हाई, ताई. कुत्रं बांधलं, आन् भावाला सांगितलं न्हाई." मग माझ्यापुढची पॅरोलची फाईल त्यानं ओढली आणि तो कागद स्वतःच आत ठेवला.