कापलेली चौकट

"माझं पान कुणी कापलं?"

बासष्ट वर्षांपूर्वीची ती आरोळी व्हर्नाच्या कानात अजून ताजी होती. आरोळी ठोकणारा तिचा धाकटा भाऊ डेलबर्ट आता इस्पितळाच्या खाटेवर निळा झगा घालून पडला होता. थोड्याच वेळात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होणार होती.

तेव्हा ती अकराची, तो आठचा. नेब्रास्कातलं शेत, घराला चहूकडून मक्याचा वेढा. डेलबर्टच्या कॉमिकमध्ये जाहिरात होती: 'सात फुटी भूत, तुमच्या हुकमात!' खाली कुपन. व्हर्नानं कात्री चालवली आणि कुपन टपालात टाकलं. त्याच्या पाठीवर गोष्टीची शेवटची चौकट होती. चोराचा बुरखा उतरतो, ती.

डेलबर्टनं घर डोक्यावर घेतलं.

"रडतोस काय? मी वाचलंय," व्हर्ना म्हणाली. "चोर कोण ते मला ठाऊक आहे."

मका गुडघ्याएवढा होता तेव्हा कुपन गेलं, मका पिवळा पडला तेव्हा खोकं आलं. खोक्यातून निघाला एक फुगा, एक पांढरं प्लास्टिक आणि दोऱ्याचं रीळ. त्या भुताला भ्याल्या फक्त कोंबड्या. आठवडाभर अंडं नाही.

हुकमात राहिला तो डेलबर्ट. "भांडी घास, मग सांगते." त्यानं घासली. "गोठा झाड, मग सांगते." त्यानं झाडला. विसाव्या वर्षी तो व्हिएतनामला निघाला, तेव्हा सुटलेल्या बसमागे धावत ती ओरडली, "परत आलास की सांगते!"

तो परत आला. पाय ओढत, पण आला.

"सांग."

"आधी लग्न कर."

लग्न झालं, नातवंडं झाली. दर नाताळात भरल्या टेबलावर तो विचारायचा, आणि ती त्याच्या ताटात टर्कीचा आणखी एक तुकडा ढकलायची.

परिचारिकेनं खाटेची चाकं मोकळी केली.

"आता तरी सांग, व्हर्ने," तो म्हणाला. "वर गेल्यावर देवाला विचारायला लावू नकोस."

व्हर्नानं खाटेचा कठडा धरला. "मी वाचलंच नव्हतं रे. कुपन उलटून बघितलंसुद्धा नाही. तू रडायला लागलास, म्हणून तोंडातून निघून गेलं. मग तू भांडी इतकी छान घासायला लागलास..."

डेलबर्ट हसला. इतका हसला, की छातीवरच्या तारा हलल्या.

"हसतोस काय, मेल्या?"

"तिकडे व्हिएतनामला, छावणीत एकाच्या पेटीत तेच कॉमिक सापडलं मला. पान न पान शाबूत."

"म्हणजे तुला पन्नास वर्षं ठाऊक आहे?"

"आहे."

"आणि तरी दर नाताळात माझा जीव खात होतास?"

"त्या टर्कीसाठी गं."

खाट सरकू लागली. व्हर्ना काठी टेकत मागून निघाली. बंद होणाऱ्या दारातून, बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच, तो प्रश्न तिनं विचारला.

"डेल! अरे, मग चोर कोण होता?"

दाराआडून आवाज आला, "परत आलो की सांगतो!"