संध्याकाळचा भोंगा

“काकू, तेवढी हरकत मागे घ्या,” खुर्चीत टेकायच्या आधीच नगरसेविका म्हणाली. “उद्या सभा आहे. माझ्या एका मतावर अडलंय सगळं. आणि अख्ख्या वॉर्डात भोंगा बंद करा म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या!”

काकूंनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. जरा जोरातच ठेवला.

नगरपालिकेचा भोंगा रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीवरून वाजायचा. तो ठेवायचा की कायमचा बंद करायचा, हे उद्या ठरणार होतं. पालिकेतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, आता प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, हवाय कशाला हा कालवा? पण लोकांना त्याची सवय लागली होती. भोंगा झाला की शिंपी मशीन झाकायचा. मैदानावरची पोरं भांडण अर्धवट टाकून घराकडे पळायची. आणि गंमत अशी, की वॉर्डातून विरोध कुणाचा, तर भोंगाकाकूंचा! काका निवृत्त होईपर्यंत टाकीखालच्या खोलीत बसून तेच भोंगा वाजवायचे. घरात लग्न असो की अंगात ताप असो, भोंग्याला काका हजर. “टाकीवर माझी सवत बसवलीय यांनी,” असं काकू हसत सांगायच्या. गल्ली आता म्हणत होती, बाईंनी म्हातारपणी सवतीवर सूड उगवला.

नगरसेविकेलाही मनातून तसंच वाटत होतं. म्हणून तिचा आवाज जरा चढला होता.

“काकांना तरी विचारा,” ती म्हणाली. “जन्म गेला त्यांचा त्या खोलीत. काय हो काका?”

काका खिडकीपाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. ते तिच्याकडे बघून गोड हसले आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

“त्यांना काय विचारता,” काकू म्हणाल्या. “थांबा थोडं. होईलच आता.”

भोंगा झाला. खिडकीची तावदानं थरथरली. काका सावरून बसले. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. कामावर असतानाही त्यांचा हाच नेम होता, आवाज विरल्याशिवाय खोली सोडायची नाही. मग ते उठले. चष्मा काढून खिशात ठेवला, खुंटीवरची छत्री घेतली, दाराशी गेले आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

कुलूप दाराला आतून लावलेलं होतं. किल्ली काकूंच्या कमरेला होती.

“हे काय?” काका गोंधळले. “कुलूप तर मी बाहेरून लावतो. मग मी आत कसा?” ते वळले आणि काकूंना म्हणाले, “बाई, जरा उघडता का? घरी जायचंय मला.”

नगरसेविकेनं हातातला पेला खाली ठेवला.

“रोजचं आहे हे,” काकू म्हणाल्या. “पहिल्यांदा वाटलं, येतील एक फेरी मारून. तर पुलापलीकडे सापडले. भर रस्त्यात उभे, दोन्ही बाजूंनी गाड्या. घर कुठे विचारलं, तर टाकीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी कुलूप लावते. कुणाला बोलले नाही, उगाच माणसाची शोभा नको. पण ते दार वाजवतात हो, रडतात. माझा माणूस माझ्याच घरात कोंडल्यासारखा रडतो, आणि कोंडणारी कोण, तर मीच. एरवी दिवसभर बघा कसे शांत असतात. हा मेला भोंगा झाला की…”

नगरसेविकेला स्वतःच्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

“उद्या मी बंद करायच्या बाजूनं हात वर करते,” ती म्हणाली. “लोकांचं काय ते मी बघून घेते. शब्द दिला तुम्हाला.”

काकूंनी मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतलं होतं.

तिकडे काका दार थोपटायला लागले होते. “बाई, उघडा हो. उशीर होतोय. ती चहाची थांबलेली असते. मी गेल्याशिवाय एकटी घेत नाही. वेडी आहे जरा.”

“कोण हो, काका?” नगरसेविकेनं विचारलं.

“बायको,” काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, तरी ते लाजून हसले.

नगरसेविकेनं काकूंकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, “एरवी काढतात का हो तुमची आठवण?”

“छे! एरवी कुठली? सकाळपासून मी त्यांची कामवाली बाई. भोंगा झाल्यावर तेवढी…”

बोलता बोलता काकू थांबल्या. बराच वेळ त्या काकांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पायात चपला सरकवल्या, हातानं केस सारखे केले आणि कमरेची किल्ली काढली.

“हरकत मागे घेते मी,” त्या म्हणाल्या. “वाजू दे त्याला.”

त्यांनी कुलूप उघडलं. काका घाईघाईनं उंबरा ओलांडून बाहेर पडले, आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते कळेना म्हणून तिथेच उभे राहिले. काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “मी पण त्याच बाजूला राहते.”