दोन हिसके

बेटिना गावच्या धक्क्याला लागलेल्या जुन्या शिडाच्या होडीत, इंजिनापाशी बसून श्पिरो वायर बदलत होता. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून दिली होती. मालक येर्को पुढच्या कप्प्यातून ओढणार. दोन हिसके म्हणजे ‘अजून सोड’.

दोन हिसके आले. पुन्हा आले. काम निघालं की गायब होणारा येर्को आज इतका मन लावून ओढतोय, याचाच श्पिरोला संशय आला. होडीच्या दुप्पट लांबीची वायर आत गेली होती.

“बास कर की लेका! तिकडे घरटं बांधतोयस का?”

“कोणावर ओरडतोयस?” धक्क्यावरून येर्कोचा आवाज आला. “मी केव्हाचा कॉफी आणायला गेलो होतो. ये, गरम आहे तोवर पी.”

श्पिरोने वायर सोडून दिली.

पायाशी पडलेल्या वायरला हलकेच दोन हिसके बसले.