पदरातले राळे

"बाई, आज तरी औषध द्या," अंबूबाई दवाखान्याच्या पायरीवर टेकत म्हणाली. "शालूला तिसरा महिना हाय."

सुमनताईंनी आधी आत पाहिलं. दत्तोबा कंपाउंडर बाटल्या धूत होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"किती वेळा सांगू, अंबूबाई? पोट पाडणं गुन्हा आहे. देणारीला तुरुंग आणि घेणारीलाही."

इंग्रज साहेब गेला, पण त्याचं कलम मागे राहिलं होतं. सुमनताईंच्या बरोबरीची एक नर्स त्या कलमाखाली आत जाऊन आली होती. तिला पुढे कुणी कामावर घेतलं नाही.

पिंपरीच्या आसपास कारखाने उभे राहू लागले, तशा नदीकाठी वीटभट्ट्या लागल्या. दुष्काळी मुलखातून माणसं आली आणि भट्टीशेजारीच झोपड्या घालून राहिली. अंबूबाई त्यांतलीच. तिची लेक शालू ऐन तरुणपणी विधवा झालेली. पोटातलं मूल भट्टीच्या मुकादमाचं. मुकादमाला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं ते सगळं शालूलाच विचारून झालं होतं.

"खाते-पिते का ती?"

"न्हाई."

"बोलते?"

"माझ्याशी तेवढं बोलती. नदीकडंच असती सदा."

अशा मुली सुमनताईंनी पाहिल्या होत्या. आधी बोलणं बंद होतं, मग जेवण. मग लोक म्हणतात, बाहेरची बाधा आहे, आणि देवऋषी शोधू लागतात.

"तिला इथं घेऊन ये. निदान बघते तरी."

"येऊ देत न्हाईत तिला."

"कोण?"

"समदी."

अंबूबाई उठली. उठताना पदराची गाठ सुटली आणि पायरीवर राळे सांडले. मातीत मिसळलेले, वाटेवरून वेचलेले असावेत. तिने बसून दाणा न दाणा गोळा केला. मूठभर राळ्यासाठी बाईचा एवढा जीव अडकतो, हे पाहून सुमनताईंना आपल्या डब्यातल्या पोळीची लाज वाटली.

ती गेल्यावर दत्तोबा हात पुसत बाहेर आला. "ताई, तिच्या नादी लागू नका. तिचं आता—"

"तुमच्या मुलीवर अशी वेळ आली असती तर?" सुमनताई ताडकन म्हणाल्या. दत्तोबा पुन्हा बाटल्यांकडे वळला.

सुमनताई श्रावणात बदलून आल्या, तेव्हाही अंबूबाई तिसराच महिना सांगत होती. आता दिवाळी होऊन गेली. अडाणी बाईचा हिशेब, म्हणून त्यांनी ते आजवर सोडून दिलं होतं. आज मात्र धसका बसला. खरोखर तेव्हाच तिसरा असेल, तर आता फार उशीर झाला होता. आणि तो आपल्या भित्रेपणामुळे झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पिशवी भरली. निदान पोरीला तपासू, पुण्यात ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचे पाय धरू. तुरुंग तर तुरुंग. नोकरी गेली तर गेली. कलम दिल्लीत असतं, पोट मात्र इथं वाढत असतं. दत्तोबाला काही न सांगता त्या निघाल्या.

नदीकडून झोपड्यांकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर अंबूबाई उकिडवी बसली होती. धुळीतून राळे वेचून पदरात टाकत होती. झोपड्यांतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. सुमनताई जवळ येताच त्या आत गेल्या.

"ते राहू दे आता," सुमनताई म्हणाल्या. "शालू कुठं आहे? मी करते काहीतरी. चल, दाखव मला."

अंबूबाईने वर पाहिलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली. मग पुन्हा खाली वाकून वेचू लागली.

"येईल आता, बाई. थोडंच ऱ्हायलंय."

"कशाचं?"

"गेल्या शिमग्यात नदीतनं काढली तिला. पोटुशी बाई मेली की ती घराकडं माघारी येऊ नये म्हणून मसनवाटंपासनं दारापतोर राळं टाकत्यात. दाणा न दाणा येचल्याबिगर तिला पुढं पाऊल टाकता येत न्हाई. मी येचती, तर दर अवसेला ही समदी पुन्यांदा टाकत्यात." तिने पदर झटकून गाठ मारली आणि सुमनताईंच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "तसल्या अंगानं तिला कुठं वाकाया लावू? म्हून मीच येचती. तुमी औषध तेवढं काडून ठिवा, बाई. आज दिवस मावळायच्या आत पोचती बगा माझी शालू."